राजेळीच्या घडाखालचा भाला

वसईला मी भाला फेकायला शिकायला गेले होते, असं सांगितलं की बार्शीत दोन तऱ्हेचे चेहरे होतात. बायका विचारतात, "म्हणजे नक्की काय करायला?" पुरुष "बरं, बरं" म्हणतात आणि हळूच दाराकडे बघून घेतात, मी तो बाहेर टेकवून तर आले नाही ना म्हणून. तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकते. दर हळदीकुंकवाला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसला आहे.

मुळात मला तिकडे जायची गरज का पडली, ते आधी सांगते. मी मुलींच्या शाळेत दोन विषय शिकवते, शिवण आणि खेळ. शाळेमागे एक मोकळं मैदान आहे. तिथे सध्या वाळवणं पडतात आणि गाढवं लोळतात. ते मला मुलींच्या गोळाफेकीसाठी, थाळीफेकीसाठी, भालाफेकीसाठी हवं होतं. आमच्या मोठ्या बाईंना मात्र तिथे शिवणवर्गाची शेड उभारायची होती. मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले, तेव्हा त्या एकदा चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही स्वतः राज्याच्या सामन्यांना निवडून या, मैदान देते. नाही आलात तर शेडचे खांब रोवायला घेते." आता त्या शेडमध्ये बसून काज-बटण शिकवणार कोण? तर मीच. आपल्याच मैदानावर आपणच सुई घेऊन बसायचं, ही शिक्षा कोणत्या कायद्यात बसते ते मला ठाऊक नाही.

फेकीचा हात मला लहानपणापासून होता. आजोबांच्या ज्वारीत माळ्यावर उभी राहून मी गोफणीने पाखरं उडवलेली आहेत. भालाही माझा लांब जायचा. पण एक खोट होती. भाला फेकला की त्याचं टोक आधी जमिनीला टेकलं पाहिजे, नाहीतर फेक बाद. माझा भाला आभाळात मोठ्या दिमाखात जायचा आणि शेवटी पोटावर पडायचा. म्हणून वसईच्या उन्हाळी शिबिराची जाहिरात पाहिली तेव्हा मी घरात कुणाला न विचारता अर्ज केला. शिबिराच्या शेवटी भालाफेकीतून एकच मुलगी पुण्याच्या राज्य सामन्यांसाठी निवडणार होते. वडिलांना नंतर सांगितलं. ते म्हणाले, जाऊन ये, निदान समुद्र तरी बघशील.

वाडीत

वसई रोडला उतरून टांग्यात बसले. सुरुवातीला दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढऱ्या ढिगांवर ऊन असं की डोळे उघडवेनात. मी मनात म्हटलं, झालं, बार्शी सोडून बार्शीतच आले, फरक इतकाच की इथली धूळ खारट आहे. आणि मग टांगा पापडीच्या पुढे वळला आणि उन्हाळाच संपला. रस्त्यावर दोन्हीकडून नारळी आणि सुपारी झुकलेल्या, त्यांच्याखाली केळी, केळींखाली पानवेली आणि सगळ्यांच्या पायांतून पाटाचं पाणी खळखळत चाललेलं. मे महिन्यात! आमच्याकडे मे महिन्यात पाण्याचा आवाज ऐकू आला तर लोक हंडे घेऊन धावतात. मी टांगेवाल्याला थांबवलं, उतरले, पाटात दोन्ही पाय बुडवले आणि मोठ्याने हसले. टांगेवाल्याने ह्या बाईकडून भाडं आधीच घ्यायला हवं होतं, अशा नजरेने पाहिलं.

मुलींची राहायची सोय किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाना राऊतांच्या वाडीत होती. नाना साठीच्या आसपासचे, उघडे, खांद्यावर पंचा, कमरेला कोयता. नमस्कारालाही ते कोयत्यासकट वाकत. त्यांची बायको, जिला आम्ही सगळ्या काकी म्हणत होतो, ती ओटीवर उभी राहून आमचं सामान मोजल्यासारखं बघत होती. मी आत जाऊन लुगडं बदलून सलवार घातलेली पाहिली तेव्हा ती नानांना त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाली. ती बोली त्यांची त्यांनाच कळते. आमच्याशी मात्र ती शाळेतल्या मराठीत बोले आणि मधूनच एखादा आपला शब्द टाकी.

नानांच्या घरचा पहिला नियम म्हणजे केळ्याला नाही म्हणायचं नाही. आमच्याकडे केळी सत्यनारायणाला येतात आणि प्रसादात चकतीने वाटली जातात. इथे सकाळी वेलची केळी, दुपारी मुठेळी, मधल्या वेळी तांबडी, जेवणात केळफुलाची भाजी आणि पान म्हणून समोर केळीचंच पान. राजेळी तेवढी मिळत नसत. ती सुकवून त्यांची सुकेळी करतात. ती मधासारखी लागतात, आणि ती कुणाकुणाला जाणार ते घड झाडावर असतानाच ठरलेलं असतं. विहिरीजवळ एका राजेळीला थोरला घड धरला होता. तो नानांच्या लेकीसाठी होता. लेक केळव्याला सासरी, पहिलटकरीण, आणि तिला डोहाळे लागले होते ते सुकेळ्यांचे. नाना रोज सकाळी आधी त्या घडाकडे जात आणि मग देवाकडे.

सुभेदार आणि पालथा भाला

शिबिराचे प्रमुख लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. मिशा पांढऱ्या, पाठ सरळ, आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. वाडीला लागून नानांचं भाताचं खाचर होतं, कापणीनंतर कडकडीत वाळलेलं. तेच आमचं मैदान. खाचराच्या एका अंगाला मुलं गोळा आणि हातोडा फेकत, दुसऱ्या अंगाला मुली थाळी आणि भाला. भालाफेकीला ह्या खेपेला मुलीच होत्या. सुभेदारांनी नानांना सांगून भाल्याच्या टापूत रहाटाचं पाणी सोडून घेतलं, म्हणजे टोक रुतेल. नानांनी हौसेने इतकं पाणी सोडलं की पहिल्या दिवशी भाला आणायला गेलेली मुलगी घोट्यापर्यंत रुतून बसली आणि तिलाच दोघींनी ओढून काढावं लागलं.

माझी पहिली फेक गेली तेव्हा मुलं गोळे खाली ठेवून बघत राहिली. भाला खाचर ओलांडतो की काय असं वाटलं. मग तो आडवा झाला आणि चिखलात सपकन पडला.

"पालथा," सुभेदार म्हणाले.

त्यानंतर रोज, प्रत्येक वेळी, तेच. पालथा. पालथा. त्या माणसाने शब्द बदलला असता तरी मला बरं वाटलं असतं. मनगट शेवटच्या क्षणी झटकतेस, शेपूट खाली येतं, असं त्यांनी एकदा सांगितलं आणि मग पुन्हा सांगितलं नाही. मला ते समजत होतं, पण मनगटाला समजत नव्हतं. गोफणीत मनगट झटकल्याशिवाय दगड सुटतच नाही. वीस वर्षांची सवय ती.

माझ्याबरोबर भाला फेकणाऱ्या मुलींत आग्नेस लोपीस होती. तिथलीच, शेजारच्या वाडीतली, मिशनच्या शाळेत शिकवणारी. तिचा भाला माझ्याहून बराच अलीकडे पडे, पण पडे तो टोकावर, आणि दर वेळी त्याच जागी, इतका की त्या जागेवर एक खड्डाच झाला होता. निवडीचा विचार केला तर माझा भाला टोकावर पडेपर्यंत आग्नेसच पुण्याला निघाल्यासारखी होती. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी संध्याकाळी आम्ही दोघी ओटीवर बसून ताडगोळे सोलायचो. ती म्हणायची, "बाई, तुम्ही माझ्यासारखा हळू फेका." मी म्हणायची, "मग तू माझ्यासारखा लांब फेक." आणि दोघींपैकी कुणालाच ते जमत नसे.

मधल्या काळातल्या मौजा सांगत बसले तर पान पुरायचं नाही. एका मुलाचा हातोडा हातातून सुटला आणि वाडीतल्या बावखलात गेला. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं मोठं तळं, प्रत्येक जुन्या वाडीत एक असतंच. हातोडा आत पडला आणि आत डुंबत बसलेली नानांची म्हैस बाहेर पडली, ती जी सुटली ती रस्त्यावरून चर्चपर्यंत. तिथे लग्न होतं. नवरी पांढऱ्या पोशाखात, दारात बँड, आणि मधे आमची चिखलाने माखलेली म्हैस. सुभेदारांनी चर्चपुढे उभं राहून पाद्रीबाबांना सलाम ठोकला आणि म्हशीला "मागे फिर" असा हुकूम केला. म्हैस फिरली नाही. आग्नेसने तिला कान धरून आणली.

पाचूबंदर

शिबिराचे शेवटचे काही दिवस राहिले असताना सुभेदारांनी एक दुपार सुट्टी दिली. मला समुद्र बघायचा होता, म्हणून आग्नेसने आम्हा मुलींना चालत पाचूबंदरला नेलं. किल्ल्याचा तट संपतो आणि एकदम होड्या लागतात. समुद्र मी प्रथमच पाहत होते. त्याच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की मी गंभीर व्हायची तयारी करून गेले होते. झालं उलटंच. पहिली लाट आली, सलवार गुडघ्यापर्यंत भिजली, आणि मी लहान मुलीसारखी ओरडत मागे पळाले आणि एका कोळणीच्या टोपलीत बसले. टोपलीत कोळंबी होती.

ती कोळीण म्हणजे जानूबाय. आवाज असा की लिलावात तिला दुसऱ्यांदा बोलावं लागत नसे. तिने मला ओढून उभं केलं, कोळंबी मोजून पाहिली आणि मग आम्ही कोण, कुठल्या, कशाला आलो ते विचारलं. आग्नेसने सांगितलं. जानूबाय म्हणाली, मंग फेकून दाव. भाला तर वाडीत. तिच्या मागे बोंबील वाळत घालायचे लांबलांब बांबू रचलेले होते. मी फुशारकीने एक उचलला. तो पाण्याने फुगून इतका जड झाला होता की माझ्या खांद्यावरून घसरून माझ्याच पायावर पडला. सगळं बंदर हसलं. मीही हसले, पण पाय चोळत.

परतताना वारा सुटला. समुद्राकडून असा जोराचा की नारळी एकमेकींना झोडपायला लागल्या. आम्ही पदर, ओढण्या, फ्रॉक धरून धरून वाडीत पोहोचलो तेव्हा वारा पडला होता, नाना ओटीवर घाम पुसत बसले होते आणि खूश दिसत होते. एकही घड पडू दिला नाही, म्हणाले.

टेकू

दुसऱ्या दिवशी सकाळी भाले जागेवर नव्हते.

बांबूचे भाले उन्हात वाकतात, म्हणून सुभेदार ते रोज स्वतः सावलीत, बावखलाच्या काठच्या भेंडीच्या झाडाला टेकवून ठेवत. त्या झाडाखाली आधीच काही बांबू उभे असायचे. सुभेदारांना वाटलं होतं, जिथे बांबू तिथे बांबू. आता तिथे काहीच नव्हतं. आम्ही शोधाशोध केली. विहिरीत डोकावलो. मुलांवर संशय घेतला. मुलांनी आमच्यावर घेतला. शेवटी आग्नेस केळींतून ओरडली, आणि तिचा आवाज ऐकून मला वाटलं, साप असावा.

केळीच्या घडाखाली आमचा भाला उभा होता. केळीच्याच वाळक्या सोपटाने घट्ट बांधलेला. पुढच्या घडाखाली दुसरा. आणि विहिरीजवळच्या थोरल्या राजेळीखाली, नानांच्या लेकीच्या सुकेळ्यांखाली, माझा. मी ओळखला, त्याच्या मुठीवर मी बार्शीहून नेलेला लाल दोरा होता. लोखंडी टोकं जमिनीत खोल रोवलेली. "असे सरस टेकू जन्मात पाहिले नाय," नाना कौतुकाने म्हणाले. "टोक हाय, म्हणून सरकत नाय. आणि कसे सरळ!"

मग उलगडा झाला. वसईच्या वाड्यांत बावखलाकाठी भेंडीखाली जो बांबू उभा असतो तो केळीला टेकू द्यायलाच, आणि वारा सुटला की वाडीवाला असो वा शेजारी, ज्याचा घड झुकला त्याने विचारल्याशिवाय न्यावा, ही तिथली रीत आहे. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण पायताण दाराबाहेर काढतात हे तरी आपण पाहुण्याला कुठे सांगतो? शेजारीही आले होते. आग्नेस रोज ज्या भाल्याने सराव करी तो तिच्याच वडिलांच्या वाडीत, तिच्याच वडिलांनी, एका वेलची केळीला लावला होता. आग्नेसने कपाळाला हात लावला. मी खाली बसून पोट धरून हसले. मला अजून पुढचं कळायचं होतं.

सुभेदार नानांना म्हणाले, भाले तेवढे द्या, त्यांच्या जागी आम्ही दुसरे बांबू आणून लावतो.

नानांचं तोंड उतरलं. ते म्हणाले, "सुभेदारसाहेब, टेकू एकदा दिला की घड उतरेपर्यंत हलवायचा नाय. हलवला तर केळीचं बूड हलतं, घड मोडतो. बापजाद्यांपासून ही रीत हाय. पोटुशी बाईच्या पाठीमागची उशी कोणी काढतं का?"

मी सुभेदारांकडे पाहिलं. आता हा माणूस मिशी फिरवणार आणि हुकूम सोडणार, असं मला वाटलं. पण नियमाचा माणूस दुसऱ्याचा नियम दिसला की काय करतो, ते मला तेव्हा कळलं. ते टाचा जुळवून उभे राहिले. "ज्याच्या वाडीत राहतो त्याचा नियम मोडायचा नाही," म्हणाले, आणि आम्हाला घेऊन पाचूबंदरला निघाले.

सुभेदारांनी सरावापुरते बांबू मागितले, तेव्हा जानूबायने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "नेतंस त ने. पन सांजच्याला आनून दे. मी काय बोंबील जमनीवर वालवू?"

म्हणून आमची भालाफेक त्या दिवसापासून बोंबलाच्या बांबूंवर चालली. सकाळी न्यायचे, संध्याकाळी पोचते करायचे. माझ्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, आणि मी हाताला, केसांना, उशीला सुक्या बोंबलाचा वास घेऊन झोपत होते. काकी मला जेवायला पंगतीच्या टोकाला बसवायला लागली. बांबू इतका जड की मनगट झटकायची सोयच नव्हती. झटकलं तर मनगटच जायचं. खांदा, कंबर, पाय, सगळं अंग त्याच्यामागे घातलं तर कुठे तो चार ढांगा पुढे जाई. सुभेदार काही बोलत नसत. पण पालथाही म्हणत नसत, कारण बांबूला टोक नसतं.

आणि तिथेच गाडं अडलं. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी सुभेदारांनी आम्हाला उभं करून सांगितलं की ज्याला टोक नाही त्याची निवड करता येत नाही. यंदा भालाफेकीतून कुणीही पुण्याला जाणार नाही.

आग्नेसने हातातला बांबू खाली ठेवला. मी रहाटापाशी जाऊन बसले. हसू कुठल्या कुठे पळालं होतं. इतक्या दिवसांत मला प्रथमच रडू आलं आणि मी ते अडवलं नाही.

काकी केळफूल सोलत तिथेच बसली होती. तिने विचारलं, "घरची आठवण येते काय, बाय?" मी नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं. मागचं मैदान, त्यातली गाढवं, मोठ्या बाई, शेड, खांब. मुलींपैकी एकीचा हात किती चांगला आहे आणि ती परकर खोचून लगोऱ्यांचे दगड कसे लांब फेकते, तेही सांगितलं. काकी केळफुलाचे दांडे एकेक काढून टाकत राहिली. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आणि शेड झाली तर त्या पोरी काय करणार?"

"शिवण," मी म्हटलं.

काकीने केळफूल ठेवलं, हात धुतले आणि आत गेली. मला वाटलं, कंटाळली.

शेवटची सकाळ

सकाळी गोळ्याची, थाळीची, हातोड्याची परीक्षा झाली. गावची बरीच मंडळी खाचराच्या बांधावर बसली होती, पाद्रीबाबाही होते. जानूबाय आपले बांबू परत न्यायला आली होती, तीही बसली. सुभेदार आता आभाराचं बोलणार, इतक्यात काकी वाडीतून येताना दिसली. खांद्यावर माझा भाला. लाल दोरा मी लांबूनच ओळखला.

नाना धावतच विहिरीकडे गेले. परत आले ते हळूहळू. काकीने थोरला राजेळीचा घड कच्चाच उतरवला होता.

दोघं खाचराच्या मध्यावर समोरासमोर उभी राहिली. नाना म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू गेलं, "लेकीचा घड होता तो."

काकी म्हणाली, "घड उतरला, टेकू मोकळा झाला. रीत मोडली काय? केळीला मागे पिलं उभी हायेत. ही पोर उद्या जाईल."

नानांनी पंचाने तोंड पुसलं. मग भाला काकीच्या खांद्यावरून घेतला, त्याच्या टोकाची माती आपल्या पंचाने काढली आणि तो सुभेदारांच्या हातात दिला. सुभेदारांनी काकीला सलाम केला. पाद्रीबाबांना केला होता त्याहून कडक.

सगळ्या मुलींना मिळून तो एक भाला. प्रत्येकीला तीन फेकी. आग्नेसने तिन्ही टोकावर टाकल्या, तिन्ही त्या खड्ड्याच्या आसपास. एक मात्र खड्ड्याच्या चांगली पुढे गेली, तेव्हा बांधावरच्या तिच्या वडिलांनी टोपी उडवली.

माझी पहिली फेक. सवयीने मनगट झटकलं. पालथा. दुसऱ्या खेपेला भाला हातात इतका हलका लागला की पाय थांबलेच नाहीत, मी रेषा ओलांडून दोन पावलं पुढे गेले. बाद. आता एकच राहिली. बांधावर कुणीतरी खोकत होतं. मला मोठ्या बाईंचा चष्मा दिसला, शेडचे खांब दिसले, सुईत दोरा ओवणाऱ्या मुली दिसल्या. मग जानूबायचा खणखणीत आवाज आला, "माजा बांबूच हाय समज."

मी धावले. पाय, कंबर, खांदा, सगळं त्याच्यामागे घातलं, आणि मनगटाला काही करूच दिलं नाही. भाला हातातून गेला तेव्हा काही गेलं असं वाटलंच नाही. तो वर चढला, थोडा वेळ तिथेच राहिला, आणि मग नाक खाली करून आला, आग्नेसच्या खड्ड्यावरून, पाणी सोडलेल्या टापूच्या पार टोकाला, आणि उभा राहिला. थरथरत होता, पण उभा होता.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे सुभेदारांकडे बघत होते. सुभेदार भाल्याकडे निघाले, पण नाना त्यांच्या आधी पोहोचले. त्यांनी सवयीने भाला दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला, वर पाहिलं, घड कुठे आहे म्हणून असेल, आणि म्हणाले, "पक्का बसला."

सुभेदार म्हणाले, "बरं."

त्या एका शब्दावर मी ज्या उड्या मारल्या त्या अजून माझ्या पोटऱ्यांना आठवतात. मला आकाश ठेंगणं झालं होतं. मी काकीला मिठी मारली, आणि बोंबलाचा वास येत असूनही तिने मारू दिली. मी जानूबायला मिठी मारली, तिने कोळंबीचे पैसे अजून यायचे आहेत म्हणून आठवण करून दिली. आग्नेस जरा वेळ लांब, वडिलांजवळ उभी होती.  शेवटी तीच आली, भाला चिखलातून उपटून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी हा पुण्याला मी नेणार." ती खरंच नेईल. त्या मुलीचं मनगट माझ्याहून कितीतरी शहाणं आहे.

निघताना नानांनी तो कच्चा घड भाताच्या पेंढ्यात गुंडाळून माझ्या टांग्यात चढवला. मी नको म्हटलं, पण केळ्याला नाही म्हणायचं नाही हा त्यांच्या घरचा पहिला नियम. काकीला मी लेकीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "तिला निरोप धाडला, तुझी सुकेळी बार्शीला गेली म्हणून." आणि घडाशेजारी तिने एक ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं ठेवलं. आत त्याच राजेळीचं एक पिलू होतं, बुडाशी फुटलेला कोंब, मातीसकट.

बार्शी

घड वाटेतच पिकला आणि त्याचा वास माझ्या आधी घरी पोहोचला. सगळ्या आळीने राजेळी खाल्ली. वडिलांनी दोन खाल्ली आणि मग समुद्र कसा होता म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी टोपलीत पडले. त्यांनी पुढे विचारलं नाही.

मोठ्या बाईंनी शब्द पाळला, पण मोठ्या बाईंसारखा. मैदान दिलं, मात्र यंदापुरतं. शेडचा आराखडा त्यांच्या कपाटात आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात बघू, असं त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही. मुलींना घेऊन मैदान झाडलं, गाढवांना निरोप दिला, आणि नळाचं सांडपाणी जाई त्या कोपऱ्यात, जिथे शेडचा पहिला खांब रोवायचा होता नेमकं तिथे, वसईचं पिलू लावलं. आमच्या मातीत ते जगणार नाही असं सगळ्यांनी सांगितलं. पण मुली रोज आळीपाळीने पाणी घालतात, आणि परवा त्याला नवं पान फुटलं, गुंडाळलेलं, सरळ वर जाणारं.

काल मोठ्या बाई मैदानावर आल्या होत्या. मुलींच्या फेकी त्यांनी बराच वेळ पाहिल्या. मग ते पान पाहिलं, आणि हे झाड इथे कशाला, असं विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी ह्याला घड लागेल आणि मग टेकू द्यावा लागेल. त्या म्हणाल्या, एखादा बांबू आणून ठेवा. मी म्हटलं, बांबू कशाला, माझा भाला आहे की. आणि वसईची रीतही सांगितली, की टेकू एकदा दिला की घड उतरेपर्यंत आजूबाजूची माती हलवायची नाही, खांब वगैरे तर मुळीच रोवायचा नाही.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "आणि घड उतरल्यावर?"

"तोवर बाई, शेजारी दुसरं पिलू उभं राहतं," मी म्हटलं.